बोदावरची हराळी आणि मधला कोरडा पट्टा: निफाडच्या एका द्राक्षबागेचे प्रकरण

निफाड तालुक्यातली ही बाग साधारण दोन एकरांची. डॉगरिज या जातीच्या खुंटावर कलम केलेली थॉम्पसन द्राक्षे, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा मांडव, सगळे पाणी ठिबकाने. पूर्वेच्या कडेला पालखेड कालव्याच्या चारीचा, म्हणजे शेतात पाणी आणणाऱ्या छोट्या पाटाचा, बांध आहे, आणि पश्चिमेकडे जावे तशी काळी जमीन पातळ होऊन मुरूम वर येतो. बागायतदार साठीच्या घरातले आहेत. गावात त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही तेच म्हणतो.

तक्रार हराळीची, म्हणजे दूर्वांच्या गवताची होती. हराळी नसलेली द्राक्षबाग नाशिक जिल्ह्यात शोधावीच लागेल, त्यामुळे तिच्या असण्याचे नानांना आश्चर्य नव्हते. कोडे होते ती कुठे हिरवी राहते याचे. बोदावर, म्हणजे वेली लावलेल्या मातीच्या उंचवट्यावर, ठिबकच्या नळीखाली ती फोफावणारच. तिथे पाणी आहे, विद्राव्य खत आहे. पण दोन बोदांमधल्या पट्ट्यात पावसाळा संपल्यापासून पाणी पोचलेले नव्हते. फवारणीच्या ट्रॅक्टरने ती माती दाबून टणक केली होती, तिच्यात टिकाव मारला तरी ढेकूळ निघत नव्हते. तिथली बाकी सगळी तणे मार्चमध्येच वाळून गेली होती. हराळी मात्र एप्रिलच्या उन्हात पाती ताठ ठेवून उभी होती.

नाना म्हणाले, "हिला पाणी लागतच नाही बघा सर. बाकी सगळं जळतं, ही जळत नाही."

आधी काय काय करून झाले होते, तेही ऐकले. पहिल्यांदा मधल्या पट्ट्यात स्पर्शजन्य, म्हणजे पडेल तेवढाच भाग जाळणारे तणनाशक मारले. दोन दिवसांत पाती भाजल्यासारखी झाली आणि पंधरवड्यात गाठी-गाठींतून नवे कोंब आले. मग आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आतून पसरणारे तणनाशक वापरले, तेही ऐन उन्हाळ्यात, कारण तेव्हा माल उतरलेला असतो आणि वेळ मिळतो. शेंडे पिवळे पडले, तेवढ्यावरच थांबले. शेवटी जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर रोटाव्हेटर फिरवला. जमीन चार दिवस स्वच्छ दिसली, आणि श्रावणात मधला पट्टा पूर्वीपेक्षा दाट भरला.

मला दिशा दाखवली ती खुरपणीला आलेल्या मावशींनी. त्या बोदावर बसून हराळी उपटत होत्या. मी मधल्या पट्ट्यात वाकून पाहत होतो तर त्या म्हणाल्या, "इकडची ओढली की तिकडची हलते, बघा." त्यांनी बोदावरची एक वेल मुठीत धरून हळू ताणली आणि माझ्या पायाजवळची, दोन हातांवरची पाती थरथरली. वर्षानुवर्षे हातांनी तण काढणाऱ्या माणसाला हे ठाऊक असते. पंप पाठीवर घेऊन चालणाऱ्याला ते दिसत नाही. या प्रकरणातले सगळ्यात महत्त्वाचे निरीक्षण हेच, आणि ते माझे नाही.

मग आम्ही एक धावती वेल तिच्या मुळापासून टोकापर्यंत उघडी केली. फावडे बाजूला ठेवून खुरप्याने आणि बोटांनी माती सारत गेलो. सुरुवात ड्रिपरपासून वीतभर अंतरावर होती. तिथली पहिली गाठ जाड, तिला पांढऱ्या मुळ्यांचा झुपका, आणि त्या मुळ्या द्राक्षाच्या मुळ्यांत इतक्या गुंतलेल्या की वेगळ्या करताना दोन्ही तुटत होत्या. पुढच्या दोन-तीन गाठीही तशाच, जवळ जवळ. बोदाचा उतार संपला तिथून गाठींमधले अंतर वाढत गेले. ओलाव्याची रेषा संपल्यावरच्या गाठींना मुळ्या होत्या त्या नखाएवढ्या, तपकिरी, वाळलेल्या. काही गाठींना फुटलेल्याच नव्हत्या, त्या नुसत्या मातीवर टेकल्या होत्या. आणि प्रत्येक गाठीवर हिरवी पाती. जमिनीत साधारण वीतभर खोलीपर्यंत दुसरे जाळे होते: पांढरे, खवल्यांनी झाकलेले, टोकाला अणकुचीदार भूमिगत खोड. वरची धावती वेल आणि खालचे खोड, दोन्ही एकाच गाठीतून निघालेली अनेक ठिकाणी दिसत होती.

ज्या गाठीला चालू मूळ नाही तिच्या पात्यांतून दिवसभर बाष्प उडत असेल, तर ते पाणी मागून येत असले पाहिजे. नानांनी ज्यांना शेकडो रोपे समजून औषध मारले, ती बहुतांशी एकाच झाडाची अंगे होती. त्यांचे पाय ठिबकाखाली होते.

जोडलेली रोपे आपसात काय देतात

बियाण्याशिवाय, धावत्या खोडातून किंवा भूमिगत खोडातून स्वतःच्या प्रती काढत पसरणाऱ्या वनस्पतींना कृंतक वनस्पती म्हणतात. हराळी, लव्हाळा, स्ट्रॉबेरी, बांबू, गोदावरीतली पाणवेल, सगळ्या याच प्रकारच्या. प्रत्येक प्रतीला स्वतःची पाने आणि मुळे असतात, ती वेगळी केली तरी जगू शकते. पण जोवर मधला दुवा शाबूत आहे तोवर त्यातल्या नलिकांमधून देवाणघेवाण चालू राहते. पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार काष्ठनलिकांमधून जातात. त्यांना ओढणारी शक्ती म्हणजे पानांतून होणारे बाष्पोत्सर्जन. ज्या टोकाची माती कोरडी आणि पाने उन्हात, त्या टोकाची ओढ सर्वांत जास्त. कालव्यावर हेडचा, म्हणजे सुरुवातीचा शेतकरी आधी भिजवतो आणि शेवटचा टेलवाला वाट पाहतो. हराळीत उलटे आहे, टेलची तहान जितकी मोठी तितके पाणी तिकडे आपोआप ओढले जाते. साखर वेगळ्या नलिकांतून जाते, जिथे तयार होते तिथून जिथे लागते तिकडे. वाढते शेंडे, नवी मुळे आणि साठवण करणारे भूमिगत खोड हे तिचे गिऱ्हाईक.

द्राक्षाची वेलही खरे तर प्रतच आहे. बागेतले सगळे थॉम्पसन डोळे भरून किंवा कलम करून वाढवलेले, एकाच जातीच्या लाकडातून आलेले. पण तिथे दुवा तुटलेला आहे. एक ड्रिपर चोंदला तर ती एक वेल सुकते, शेजारची तिला घोटभर पाणी देऊ शकत नाही. हराळीच्या बाबतीत ड्रिपर कुठेही चालू असो, चालतो.

या विषयावर गेल्या काही दशकांत बारकाईने काम झाले आहे. 1991 मध्ये फ्रीडमन आणि अल्पर्ट यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वाढणाऱ्या रानस्ट्रॉबेरीच्या जोडरोपांवर प्रयोग केला. एका रोपाकडे प्रकाश भरपूर पण नत्र कमी, दुसऱ्याकडे नत्र भरपूर पण प्रकाश कमी. जोडलेल्या अवस्थेत दोघांचा मिळून फायदा झाला, मात्र एका अटीवर: दोन्ही तुकडे आपापल्या गोष्टीत खरोखर समृद्ध असतील तरच. ही अट मला या बागेसाठी फार महत्त्वाची वाटते, तिच्याकडे पुढे येतो.

1996 मध्ये स्ट्यूफर, डे क्रून आणि ड्यूरिंग यांनी पांढऱ्या क्लोव्हरवर पाणी आणि प्रकाश असेच उलटसुलट वाटून पाहिले. एकटे वाढणारे रोप कोरड्या जागी मुळे वाढवते आणि सावलीत पाने वाढवते, म्हणजे जे कमी पडते त्यामागे लागते. जोडलेली रोपे याच्या उलट वागली. ओल्या सावलीतल्या रोपाने मुळांवर भर दिला, कोरड्या उन्हातल्याने पानांवर. ज्याच्याकडे जे मुबलक, ते त्याने जास्त मिळवायचे आणि दुसऱ्याला पोचवायचे. शास्त्रज्ञांनी याला श्रमविभागणी म्हटले. आम्ही उघड्या केलेल्या वेलीवर हेच डोळ्यांसमोर होते: बोदावर मुळांचे झुपके, मधल्या पट्ट्यात नुसती पाती.

गाठींमधले वाढत गेलेले अंतरही ओळखीचे आहे. स्लेड आणि हचिंग्ज यांनी 1987 मध्ये ग्लेकोमा या सरपटणाऱ्या वनस्पतीवर दाखवले की पोषण भरपूर असेल तिथे तिची कांडी आखूड राहतात आणि फांद्या जास्त फुटतात. पोषण कमी असेल तिथे कांडी लांबतात, फांद्या कमी. चांगल्या जागी मुक्काम करायचा आणि भिकार जागा लवकर ओलांडायची, अशी ती चाल. हराळीवर डाँग आणि डे क्रून यांचे 1994 चे काम आहे. त्यातून हे पुढे येते की प्रकाश शोधण्याचे काम वरची धावती खोडे करतात, आणि भूमिगत खोडांचा भर साठवणीवर असतो. म्हणजे वरचे जाळे भाजून काढले तरी खाली शिधा शिल्लक असतो.

ठिबकाने काय बदलले

ठिबक नसते तर निफाडसारख्या भागात आज इतकी द्राक्षे उभी राहिली नसती, आणि मी कुणालाही पुन्हा सरीने पाणी द्या असे सांगणार नाही. पण तण ज्या जमिनीत राहते तिचा नकाशा ठिबकाने पार बदलला. सरीने पाणी दिले की बागभर ओल जवळपास सारखी असे. आता प्रत्येक बोदावर ओला, खत घातलेला, आणि मांडव भरला की सावलीचा पट्टा. त्याला लागून कोरडा, टणक, उघडा पट्टा. पुन्हा बोद, पुन्हा पट्टा. एका तुकड्यात पाणी आणि नत्र भरपूर, दुसऱ्यात ऊन भरपूर, आणि दोन्हींमधले अंतर एका धावत्या वेलीच्या आवाक्यातले. फ्रीडमन आणि अल्पर्ट यांची अट इथे पुरी होते: दोन्ही तुकडे समृद्ध आहेत. प्रयोगशाळेत मुद्दाम उभी करावी लागणारी मांडणी आपण एकरांवर उभी केली आहे, आणि जोडून राहणाऱ्या गवताला याहून सोयीचे काही नाही.

हराळी सावली सोसत नाही. मांडव दाट भरल्यावर निव्वळ बोदावर राहणारी हराळी हळूहळू खंगायला हवी. बोदावरच्या गाठी तरीही टिकतात, त्याचे एक कारण मधल्या पट्ट्यातली उन्हातली पाती असणार. उन्हाळ्यात बोद पट्ट्याला पाणी देतो. जून-जुलैत पट्टा बोदाला साखर परत करत असेल, हा माझा अंदाज आहे, या बागेत तो तपासलेला नाही. माल उतरल्यावर एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीनंतर मांडव मोकळा असतो त्या आठवड्यांत तर बोदावर पाणी, खत आणि ऊन तिन्ही एकत्र मिळतात.

दुवा तोडून पाहणे

नानांना हे पटावे म्हणून बोलण्यापेक्षा तोडून दाखवणे सोपे होते. जोडणी किती कामाची आहे हे पाहायला संशोधकही शेवटी तेच करतात: काही ठिकाणी दुवा कापायचा, काही ठिकाणी तसाच ठेवायचा, आणि वाट पाहायची.

माल उतरून गेल्यावर, खरड छाटणीच्या आधी, आम्ही काही ओळींत बोदाच्या पायथ्याशी धारदार फावड्याने सरळ काप घेतला. खोली वीतभर, म्हणजे वरची वेल आणि खालचे खोड दोन्ही तुटतील इतकी. लागूनच्या ओळी मुद्दाम तशाच सोडल्या. द्राक्षाची पांढरी मुळी तुटेल ही नानांची काळजी रास्त होती, म्हणून काप बोदावर न घेता ओलाव्याच्या रेषेबाहेर घेतला. द्राक्षाची चालू मुळे ठिबकाच्या ओलीतच एकवटलेली असतात.

आठवड्याभरात फरक चालत जाताना दिसू लागला. कापलेल्या ओळींमध्ये मधल्या पट्ट्यातली पाती दुपारी मिटू लागली, मग सकाळीही मिटलेलीच राहिली, मग वाळक्या गवताच्या रंगावर आली. न कापलेल्या ओळींत ती होती तशीच हिरवी. नाना दोन ओळींच्या मध्ये उभे राहून कितीतरी वेळ इकडून तिकडे बघत होते. मग त्यांनी विचारले, "म्हणजे मी इतकी वर्षं हिच्या शेपटावर औषध मारत होतो?"

एक अपवाद नोंदवायला हवा. चारीच्या बांधाला लागून असलेल्या पहिल्या ओळीत कापूनही हराळी सुकली नाही. तिथे बांधातून पाझर येतो, तिथल्या गाठींना स्वतःची ओली मुळे होती. तिला दुवा तुटल्याची झळ बसण्याचे कारणच नव्हते. पश्चिमेच्या मुरमाड भागात उलट झाले, तिथे सगळ्यात आधी आणि सगळ्यात पुरी वाळली.

आता आधीचे उपाय का फसले ते सांगता येते. स्पर्शजन्य औषध जिथे पडते तेवढेच भाजते. गाठीतला कोंब आणि खालचे खोड त्याच्या आवाक्याबाहेर. आंतरप्रवाही औषध साखरेबरोबर प्रवास करते, त्यामुळे ते कुठे पोचणार हे साखर कुठे चालली आहे यावर ठरते. ऐन उन्हाळ्यात पाण्याचा ताण असलेली पाती औषध नीट शोषत नाहीत आणि पुढेही ढकलत नाहीत. शिवाय धावत्या वेलीत साखरेचा ओघ बहुतेक करून जुन्या भागाकडून शेंड्याकडे असतो. शेंड्यावर मारलेले औषध उलटे चालत बोदापर्यंत जाईल ही अपेक्षाच चुकीच्या दिशेची होती. बोदावर मारावे तर ते वेलीच्या हिरव्या फुटीवर आणि कोवळ्या सालीवर उडण्याचा धोका, आणि निर्यातीच्या बागेत फळात राहणाऱ्या औषधाच्या उर्वरित अंशाची टांगती तलवार आहेच.

रोटाव्हेटरचे गणित मला सर्वांत शिकण्यासारखे वाटले. दुवा तोडणे हा आमचा उपाय, आणि रोटाव्हेटरही तेच करतो. मग जूनमध्ये तो का उलटला? कारण तुटलेला तुकडा कुठे आणि कधी पडतो यावर सगळे अवलंबून आहे. एक-दोन गाठींचा तुकडा एप्रिल-मेच्या कोरड्या मातीत उघडा पडला तर त्याला मागून पाणी नाही, मूळ फुटायला ओल नाही, तो वाळतो. तोच तुकडा मृगाच्या ओल्या मातीत पडला तर प्रत्येक गाठीला मूळ फुटते आणि एका झाडाची शंभर होतात. गणपतीत एकवीस दूर्वांची जुडी खुडताना वरचा कोंब जातो आणि गाठ जमिनीत राहते, म्हणून दूर्वा पुन्हा येतात. पावसाळ्यात फिरवलेला रोटाव्हेटर खुडण्यापुढची पायरी गाठतो, तो गाठीच लावत जातो.

नानांनी वर्षभर काय केले

उन्हाळ्यात मधल्या पट्ट्यातली फवारणी पूर्ण बंद केली. माल उतरल्यावर सगळ्या ओळींत बोदाच्या पायथ्याशी काप घेतला. हे काम मजुरांवर खर्चाचे आहे, पण वाचलेल्या औषधाच्या आणि फवारणीच्या पैशांतून त्यातले बरेच निघते असे नानांचे म्हणणे. मधला पट्टा वाळायला लागल्यावर, पाऊस लांब असतानाच उथळ मशागत करून भूमिगत खोडे वर काढली, उन्हात उलथवून ठेवली आणि वाळल्यावर दाताळ्याने ओढून बाहेर काढली. बोदावरची हराळी मात्र यंत्राला दिलीच नाही. तिथे ठिबक चालवून माती मऊ करायची आणि मावशींनी वेल धरून तिच्या मागे मागे जात अख्खी काढायची. उपटलेली हराळी बोदावर टाकायची नाही, गोणीत भरून बांधाबाहेर न्यायची. ही शिस्त पाळणे सर्वांत कठीण गेले, कारण काढलेले तण जागीच आच्छादन म्हणून टाकण्याची सवय जुनी आहे.

पाऊस सुरू झाल्यावर मधल्या पट्ट्यात ताग दाट पेरला. हराळीला तिचा मुख्य लाभ, म्हणजे ऊन, तिथेच नाकारायचे हा हेतू. ताग फुलोऱ्यावर येण्याआधी कापून जागीच पसरला, गाडायला रोटाव्हेटर लावला नाही. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी पट्ट्यात हराळी होती, पण तुरळक, ठिकठिकाणी सुटी. पुढच्या एप्रिलमध्ये मुरमाड बाजूचा अर्धा भाग जवळपास मोकळा झाला होता. मधल्या काळ्या जमिनीत ती कमी झाली, संपली नाही. तिथे खोलवरची खोडे वाचली असावीत.

हे एका बागेचे, एका वर्षाचे निरीक्षण आहे. त्या वर्षी वळवाचा पाऊस उशिरा आला आणि कापलेल्या हराळीला पुरेसे कोरडे दिवस मिळाले, हाही हातभार होता. एप्रिलअखेर जोराचा वळीव झाला असता तर काप घेतलेल्या तुकड्यांनी तिथेच मुळे धरली असती, आणि मग काप घेण्याचा सल्ला मीच मागे घेतला असता. म्हणून आता नाना हवामानाचा अंदाज पाहून काप घेतात आणि ढग दिसले तर थांबतात.

चारीच्या बांधाचा प्रश्न उरला आहे. तिथली हराळी काढणे योग्य नाही, तिच्या मुळांनीच बांधाची माती धरून ठेवली आहे, आणि पाझर चालू असेपर्यंत ती तिथून बागेत येतच राहणार. बांध आणि पहिली ओळ यांच्यामध्ये हातभर खोल चर काढून त्यात जुन्या शेडनेटखालचा जाड प्लास्टिकचा कागद उभा लावायचा, असे ठरले आहे. धावती वेल कागदावरून पलीकडे येईलच, ती दिसेल आणि कापता येईल. जमिनीखालून येणारे खोड त्याने अडले तर पहिल्या ओळीतही काप घेऊन फरक पडतो का ते तपासता येईल. कागद या खरड छाटणीनंतर बसणार आहे. चर कुठून काढायचा याच्या खुणा मावशींनी आत्ताच काठ्या रोवून करून ठेवल्या आहेत, कारण वेली बांधावरून कुठल्या कुठल्या जागी आत उतरतात ते त्यांनाच माहीत आहे.